खिंडीतल्या हाका

अश्विन लागला की माझं काहीतरी बिनसतं, हे घरात आता सगळ्यांना ठाऊक आहे. सून म्हणते, आईंना हे ऊन बाधतं. मुलगा म्हणतो, एकदा तपासून घे. मी दोघांनाही हो म्हणते आणि पिशवी घेऊन बाजारात जाते. बुलढाण्याच्या बाजारात तेव्हा सीताफळांच्या पाट्या उतरलेल्या असतात. मी भाव विचारते, एखादं फळ हातात घेऊन त्याचे डोळे उघडलेत का ते बघते, आणि पुन्हा पाटीत ठेवून देते. पाटीवाली वैतागून विचारते, आजी, घ्यायचं आहे का नाही? बाईचा प्रश्न अगदी रास्त असतो. पण अश्विनात मला कुठलाच प्रश्न धड सुटत नाही, त्यात सीताफळाचाही नाही.

खरं म्हणजे त्रास देतं ते गवत. पावसाळाभर माजलेलं गवत या दिवसांत वरून पिवळं आणि बुडाशी हिरवं असतं, आणि दुपारी त्याचा एक वास सुटतो. वाळलेल्याचा म्हणावा तर त्यात ओल असते, ओला म्हणावा तर नाकात कोरडं कोरडं होतं. मोताळ्याकडे जाणारी एस.टी. घाट उतरायला लागली की खिडकीतून तो वास आत येतो. मी पदर नाकाला लावते, आणि लगेच काढतेही.

माझं माहेर धामणगाव बढ्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, म्हणजे घाटाखाली. मास्तरकी आणि संसार झाला बुलढाण्यात, म्हणजे घाटावर. आमच्या जिल्ह्यात नवा माणूस भेटला की गाव मागाहून विचारतात, आधी विचारतात, घाटावरचे का घाटाखालचे? खाली काळी जमीन, कापूस, मलकापूर-नांदुऱ्याची आगगाडी, घाम आणि मोठ्यानं बोलणं. वर मुरमाड जमीन, गार वारा, खोल विहिरी आणि मोजून बोलणं. घाटाखालच्यांना घाटावरची माणसं कोरडी वाटतात आणि घाटावरच्यांना खालची तोंडाळ. दोन्हीकडचं मीठ खाल्ल्यावर मी एवढंच सांगू शकते की दोघांचंही बरोबर आहे. मात्र या दोघांच्या मधे जो उतार आहे, खिंड आहे, गवत आहे, त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही. तिथलं म्हणून कोणी नसतंच. मला मात्र आयुष्यभर वाटत आलं आहे की मी तिथली आहे. हे असं का वाटावं, ते कळत नाही.

आमच्या मळ्याच्या मागं नाला होता आणि नाला ओलांडला की डोंगर सुरू. मी अंगानं किडकिडीत, पण डोंगर चढायला लागले की शेळीसुद्धा मागं राहायची. अडचण एकच होती. कामाशिवाय डोंगरात जायची रीत नव्हती. विनाकारण डोंगरात जाणारा एक तर चोर, नाहीतर वेडा. आणि बाईमाणूस असेल तर तिला लागीर झालेलं. म्हणून मी विळा आणि दोर घेऊन निघायचे. संध्याकाळी डोक्यावर मूठभर गवत घेऊन परत यायचे. माय त्या भाऱ्याकडे बघायची आणि म्हणायची, "हे तं शेयीच्या दातात अडकून राहीन." मग विचारायची, तुझी काय नाळ पुरली आहे का त्या डोंगरात? मी भारा शेळीपुढं टाकायचे. उत्तर असतं तर दिलं नसतं का?

काय होतं तिथं? एकदा एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर, माझ्यापासून हातभर अंतरावर गवतातून उठला आणि पळायचं सोडून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या पापणीवर कुसळ अडकलं होतं. ते काढावं असं मला वाटलं. एकदा ओढ्यात दगड फुटलेला सापडला. वरून नुसता काळा, आत पांढऱ्या खड्यांचा खच. मी तो तिथंच ठेवला, पुन्हा बघायला येईन म्हणून, आणि नंतर तो ओढाच मला सापडला नाही. चढावर श्वास लागला की सालईच्या बुंध्याला पाठ लावून उभं राहायचं. हाताला डिंकाचा वास लागायचा आणि रात्री जेवतानाही भाकरीला तोच वास यायचा. वरच्या कड्यावरून निरभ्र सकाळी आगगाडीचा धूर दिसायचा. गाडी दिसत नसे, आवाज येत नसे, धुराची एक रेघ मात्र मलकापुराकडून नांदुऱ्याकडे सरकायची. त्याच्याही पलीकडे सातपुडा, असला तर असला. मला तिथं भीती वाटायची हे खरं. पण भीती वाटावी म्हणूनच मी जात होते की काय, अशीही शंका येते. मळ्यात, घरात, शाळेत मला कशाची भीती नव्हती, पण डोंगरात असायचे तशी मी तिथं जागीही नसायचे.

हे सगळं आठवताना मी वहिनीकडे यायचं टाळते आहे, ते मला कळतं. अश्विन म्हणजे मला वहिनीच आठवते. तरी आधी डोंगर सांगितला, कारण वहिनी मला घरात कधी कळली नाही, कळली असेल तर डोंगरात.

महाराष्ट्राचं नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझी सातवीची परीक्षा कधीच झाली होती आणि लग्नाचं अजून कोणी बोलत नव्हतं. दादाचं लग्न होऊन वहिनी आमच्याकडे आली ती खिंडीपलीकडच्या गावातून. तिची आई जालन्याकडची, त्यामुळे ती 'मला' आणि 'तुला' म्हणायची. आम्ही सगळे 'मले' 'तुले'वाले. गल्लीतल्या बायका तिला मुद्दाम बोलायला लावायच्या आणि पदराआड हसायच्या. ती चिडायची नाही. माहेरी तिचं नाव चंद्रा. लग्नात तांदळाच्या ताटात दादानं अंगठीनं सिंधू लिहिलं, आणि ती सिंधू झाली. मग सोपान झाला. आमच्याकडे पहिलं लेकरू झालं की बाईचं नाव त्याच दिवशी बदलतं. सारी गल्ली तिला सोपानची माय म्हणू लागली. लहानपणचं झबलं जसं आपोआप ट्रंकेच्या तळाशी जातं तसं ते सिंधू नाव गेलं. माय तर दिवसभर हाका मारायची. सोपानची माय, चूल पेटव. सोपानची माय, बाज बाहेर काढ. मला वाटतं, मायला त्या हाकेतला सोपान हवा असायचा.

बारशाला वहिनीचे वडील खिंड उतरून आले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी बापानं प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी ते मोकळे झाले. त्यांनी लोटा तोंडाला लावला तो रिकामाच करून खाली ठेवला, आणि मिशा पुसत म्हणाले, तुमचं पाणी गोड आहे हो. माय त्यावर महिनाभर खूश होती.

श्रावणात सोपान तापानं गेला. नुकता पालथा पडायला लागला होता. याहून जास्त मला सांगता येत नाही.

वहिनीचे वडील पुन्हा आले. अंगणात उभे राहिले. मायनं रिवाजाप्रमाणे पाण्याचा लोटा पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. एकदा मोकळं झालेलं पाणी, लेकरू गेल्यावर पुन्हा बांधलं जातं का? हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्यांत नंतर यावर दोन तट पडले, तिथं त्या बिचाऱ्यानं उभ्या उभ्या काय ठरवावं? त्यांनी पाण्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि लोटा न पिता खाली ठेवला. मायच्या ते जिव्हारी लागलं. ते गेल्यावर ती ओसरीवर बसून, कोणाला तरी सांगावं तशी म्हणाली, "घाटावरचा पान्हा अन् घाटावरची इहीर, दोन्ही कोरडेच." वहिनी आत चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. माय दुष्ट नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण ते वाक्य तिचंच होतं, हेही तितकंच खरं.

त्यानंतर घरात एक चमत्कारिक गोष्ट झाली, जी माझ्याही उशिरा लक्षात आली. वहिनीला कोणी हाक मारेना. सोपानची माय म्हणवत नव्हतं. सिंधू म्हणावं तर सोपान झालाच नव्हता असं म्हटल्यासारखं व्हायचं. मग 'अवं', 'ऐक वं', नाहीतर नुसतं भांडं वाजवायचं. दादा मलकापूरला जिनिंगमधे कामाला होता, सुट्टीला यायचा. तो तिला आधीही नावानं बोलवत नव्हता. सोपानचं नाव तर घरातून पुसलंच गेलं.

दसऱ्याच्या आधी बांगड्या भरायला मनियार चाचा आले. घाटावरची आणि खालची दोन्हीकडची गावं तेच करायचे, त्यामुळे बांगड्यांबरोबर निरोपही त्यांच्याच पेटीतून जायचे. वहिनीचा हात दाबून बांगडी चढवता चढवता ते खालच्या आवाजात म्हणाले की बाप दसऱ्यानंतरच्या बाजारच्या दिवशी खिंडीत येऊन थांबणार आहे. तुझ्या मनात असेल तर ये. आलीस तर तू म्हणेपर्यंत परत पाठवणार नाही. खाली मात्र तो उतरणार नाही. चाचांचा खालचा आवाज म्हणजे ओसरीभर ऐकू जाणारा. मायनं ऐकलं, मी ऐकलं. दादाला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. म्हणाला, "तिले जसं वाटीन तसं." हे मन मोठं करून म्हणाला की हात झटकून, ते त्याच्या तोंडावरून समजेना, आणि तो मान खाली घालून जेवत राहिला.

त्या दिवशी सकाळी वहिनीनं गाठोडं बांधलं नाही. माहेरी जाणारी बाई रिकाम्या हातानं कशी जाईल? पण तिनं जुनेराखाली आपलं चांगलं लुगडं नेसलं होतं, ते मी पाहिलं. हातात विळा आणि दोर, गवताला निघाल्यासारखी. माय म्हणाली, "कुसुम, तू जाय संगं. खिंडीपावतर." मग जरा थांबून म्हणाली, "येतानी सीताफयं आनजो." येताना कोणी आणायची, मी एकटीनं की दोघींनी? मायनं भाकरी बांधून दिली, त्या फडक्याचा आकार बघूनही मला अंदाज आला नाही. ती एका वेळेची होती का दोन वेळेची, एवढाच विचार करत मी नाला ओलांडला.

नाल्यात पाणी स्वच्छ होतं आणि दगड हिरवे. पलीकडे तरवड फुलला होता. खालच्या टप्प्यात सागाची पानं भोकं पडून जाळीसारखी झालेली, त्यातून ऊन जमिनीवर सांडत होतं. मग सीताफळीची झुडपं लागली. मी हावरटासारखी तोडायला धावले. वहिनी म्हणाली, "डोळे उघडलेले बघून घ्या. मिटलेलं फळ घरी नेलं तर पिकत नाही, नुसतं काळं पडतं." ती मला कुसुमबाई आणि तुम्ही म्हणायची, मी नणंद म्हणून. मी तिला तू म्हणायचे, वहिनी म्हणून. त्या दिवशी मला ते उलटं असायला हवं होतं असं वाटलं.

वरच्या टप्प्यात गवत सुरू झालं. त्या वर्षी ते डोक्याहून उंच होतं. वाट अशी नव्हतीच, गवताला पडलेला भांग तेवढा होता. पुढं वहिनी, मागं मी. तिच्या पाठीवर कुसळं चढत होती, माझ्या बाह्यांत शिरत होती. दिसत काही नव्हतं. वर आभाळ, समोर लुगड्याचा काठ. कुठंतरी मोर ओरडायचा, आणि तो वर आहे का खाली हे सांगता येत नव्हतं. ही वाट वहिनीच्या पायाखालची. लग्न झाल्यापासून किती वेळा ती या वाटेनं आली-गेली होती. तरीही खिंड येईना. मोडक्या फांदीचं एक सालईचं झाड लागलं, त्याच्या बाजूनं आम्ही वर गेलो. बऱ्याच वेळानं पुन्हा मोडक्या फांदीचं सालईचं झाड लागलं. मी म्हटलं, वहिनी, हे तर मघाचंच. ती चालतच राहिली. ते तिसऱ्यांदा समोर आलं तेव्हा ती थांबली आणि शांतपणे म्हणाली, "चकवा लागला."

चकवा म्हणजे काय, हे आमच्याकडे लेकराला बोलता येण्याआधी कळतं. ओळखीच्या जागी तो माणसाला गोल गोल फिरवतो. अनोळखी माणसाला तो लागत नाही, कारण त्याला मुळात वाटच ठाऊक नसते. उपाय एकच. जिथं आहात तिथं बसायचं, दोन घास खायचे आणि पायातल्या वहाणा अदलून-बदलून घालायच्या, डावी उजव्या पायात. आम्ही सालईखाली बसलो. भाकरी खाल्ली. वहाणा उलट्या घातल्या आणि उभ्या राहिलो, तर दोघींची पावलं बदकासारखी बाहेर फाकलेली. मी दोन पावलं टाकून दाखवली आणि वहिनी हसली. श्रावणानंतर पहिल्यांदा. हसता हसता ती पुन्हा खाली बसली आणि तिला उठवेना.

तो खरंच चकवा होता का? इतकी वर्षं मी यावर विचार करते आहे. नंतर मी त्या डोंगरात पुष्कळ फिरले; नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी एकटीनं, विळा-दोराचं ढोंगही न करता फिरले. मला कधी चकवा लागला नाही. मोडक्या फांदीच्या सालया मात्र तिथं खूप आहेत. कदाचित ती तीन वेगळी झाडं होती आणि आम्ही सरळच जात होतो. कदाचित एकच झाड होतं, आणि पुढं चालणारी बाई मुद्दाम वळत होती, कारण तिला पोचायचंच नव्हतं, वरही नाही आणि खालीही नाही. किंवा चकवा होताच, तो डोंगरात नव्हता एवढंच. मी एकेका अश्विनात एकेक उत्तर खरं धरते.

बसल्या बसल्या ती म्हणाली, "त्याचं नाक तुमच्यासारखं होतं." मी नाकाला हात लावून बघितला, वेड्यासारखा. मग विचारलं, वहिनी, तू परत येशील ना? असं विचारायचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

ती गवताची काडी सोलत राहिली. "वर गेले तर चंद्रा होईन," ती म्हणाली. "तिथं त्या नावानं हाक मारणारे आहेत. पण मग माझं लग्न झालं नाही, मला लेकरू झालं नाही, असंच ना ते? आणि खाली मी कोण आहे आता, कुसुमबाई? मला कशानं हाक मारतात, सांगा बरं."

खरंच कशानंही मारत नव्हतो.

तेवढ्यात हाक आली. "चंद्रेऽऽ."

पुरुषाचा आवाज, लांबवलेला, वरून आलेला. की वाऱ्यानं तसा वाटला? चकव्याच्या जागी पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. जे माणूस नसतं ते ओळखीचाच आवाज घेऊन येतं आणि त्याला दोनदाच हाक मारता येते. माणूस असला तर तिसऱ्यांदा मारतो, मग ओ द्यायची. हे वहिनीलाही ठाऊक होतं, घाटावरही हेच आहे. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता, आणि नव्या बांगड्या माझ्या हाडाला लागत होत्या.

"चंद्रेऽऽ." दुसरी. ती खिंडीवर आपटून परत आली, त्यामुळे चहूकडून आल्यासारखी झाली. वहिनीचे ओठ हलले. आता ती ओ देईल असं मला वाटलं, आणि तिनं द्यावी का देऊ नये, यातलं मला काय हवं होतं? ती गेली तर तिचं बरं होईल असं वाटत होतं. ती गेली तर घरात नुसतं भांडं वाजवून बोलवायलाही कोणी उरणार नाही असंही वाटत होतं.

आम्ही तिसऱ्या हाकेची वाट बघत बसलो. गवत एका बाजूला झुकायचं, पुन्हा उभं राहायचं. वानरांचं एक टोळकं खालच्या झाडांवरून गेलं. ऊन सालईच्या दुसऱ्या अंगाला आलं. तिसरी हाक आली नाही.

तिचे वडील खिंडीत होते, हे चाचांकडून पुढे कळलं. त्यांनी दोनदा हाक मारली होती. तिसऱ्यांदा मारायला तोंड उघडलं आणि त्यांच्या मनात आलं की वारा खाली वाहतो आहे, हाक गावापर्यंत जाईल, आणि लोक म्हणतील, बाप लेकीला सासरातून बोलावून पळवतो आहे. तिला यायचंच असतं तर तिनं ओ दिली असती, असं म्हणून ते मावळतीपर्यंत मुकाट्यानं तिथंच बसून राहिले. आम्ही गवतात खाली, ते खिंडीत वर. मधे एखाद्या शेताएवढं तरी अंतर असेल का? कोणाला दोष द्यावा तर दोष कुठंच धरता येत नाही. सगळे रीतीप्रमाणे वागले होते.

मग वहिनी उठली. लुगड्याचा काठ झटकला, विळा उचलला आणि निघाली. मी मागं. ती कुठं निघाली ते मला कळेना. विचारायचं धाडस होईना. गवत तेच, आभाळ तेच, आणि झाडाभोवती फिरून फिरून दिशा केव्हाच विरघळलेल्या. पायात वहाणा उलट्याच होत्या. बऱ्याच वेळानं माझ्या अंगठ्यांवर भार यायला लागला, बोटं वहाणेच्या टोकाशी दाबली जायला लागली, तेव्हा मला समजलं की आपण उतरतो आहोत. माझ्या पावलांना ते माझ्याआधी कळलं.

वाटेत तिनं गवत कापलं. चांगला मोठा भारा बांधला, तो स्वतःच्या डोक्यावर घेतला. सीताफळं ओच्यात घेऊन मी आता पुढं झाले. मला विचारायचं होतं की वहिनी, तू आवाज ओळखला होतास का? पुढं कितीदा विचारावंसं वाटलं. पुढं म्हणजे कैक वर्षं, न्हाणीपाशी, खळ्यावर, लग्नकार्यात पोळ्या लाटताना. विचारलं नाही. ओळखला होता असं ती म्हणाली असती तर मी काय केलं असतं? नव्हता म्हणाली असती तर तरी काय?

तेव्हा मात्र एकाच गोष्टीनं माझे पाय जड झाले होते. ती घरी परत निघाली होती, आणि ज्या घरी निघाली होती तिथं तिला नाव नव्हतं. आज ती उंबऱ्यात जाईल, माय भांडं वाजवेल, आणि संपलं. उद्यापासून तेच, परवापासून तेच. डोंगरातून मी तिला कुठं घेऊन चालले होते?

गवत संपलं, सागाचा टप्पा आला, तरवड आला. नाल्याच्या पलीकडच्या काठावर माय उभी होती.

मायला रिकाम्या हातानं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बसली तरी तिच्या हातात निवडायला काहीतरी असायचं. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि उन्हानं तोंड तांबडं झालं होतं. तिनं आधी मला बघितलं, एकटी येते आहे असं समजून. मग माझ्या मागचा गवताचा भारा बघितला, आणि त्याच्याखालचं माणूस. वहिनी अलीकडच्या काठावर थांबली. भाऱ्यामुळे तिचं तोंड मायला दिसत नसावं. मधे पाणी. मायचं तोंड उघडलं आणि मिटलं. तिला हाक मारायची होती आणि तिच्याकडे हाक नव्हती, हे मला, त्या वयातही, लख्ख दिसलं.

"सोपानची माय," माय म्हणाली. आवाज नीट लागला नाही, म्हणून खाकरून पुन्हा म्हणाली, "सोपानची माय, पाय जपून ठुव वं. दगडाले शेवाय आलं."

श्रावणापासून ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. वहिनीच्या डोक्यावरचा भारा हलायला लागला, आधी थोडा, मग सगळाच, आणि मला वाटलं आता तो पडतो. पण तिनं दोन्ही हातांनी तो धरला आणि आतून, गवतातून बोलावं तसा तिचा आवाज आला, "ओ. येते."

ती पाण्यात उतरली. माय पलीकडून नाल्यात आली, लुगडं वर न धरताच, आणि मधेच तिनं वहिनीच्या दंडाला धरलं. मी काठावर तशीच उभी. मला इतकं बरं वाटत होतं आणि त्याच वेळी छातीत इतकं दुखत होतं की यातलं कुठलं खरं मानावं ते कळेना. मी मागं वळून डोंगराकडे पाहिलं. खिंडीवर अजून ऊन होतं. तिथं कोणी बसलेलं आहे की नुसता दगड, ते इतक्या लांबून ओळखू येत नव्हतं.